बिनतारी मोटारीची बखर

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक मोटार आली आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने राम म्हटला. घाबरू नका, मोटार खेळण्यातली होती. हातात एक डबी धरायची, तिच्यावरची कळ दाबायची, की समोरची मोटार आपोआप चालू लागायची. आमच्या चिरंजीवांनी वसुबारसेपासून तिच्यासाठी हट्ट धरला होता. धनत्रयोदशीला ती घरात आली, लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकूही पडले, आणि भाऊबीजेला ती ओट्याच्या पायरीवरून खाली कोसळली. त्यानंतर ती उजवीकडे वळेना. मी तिला उलटी करून खालचे चार स्क्रू काढले. पण झाकण हलेना. आतून सगळे चिकटवून टाकलेले होते. दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, “मास्तर, याचे पार्ट येत नाहीत. नवीनच घ्या.”

झोपाळ्यावर बसलेले माझे वडील हे सारे ऐकत होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते एवढेच म्हणाले, “जी उघडता येत नाही ती वस्तू आपली नव्हे,” आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

अण्णांना हे बोलण्याचा अधिकार होता. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी आपल्याकडची पहिली एस.टी. धावली, त्यानंतर पंचवीस वर्षांनी अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून लागले आणि पस्तीस वर्षे गाड्यांच्या खाली आडवे पडून त्यांनी काढली. मी त्यांचा एकुलता मुलगा. मी हात काळे करू नयेत, शिकून इंजिनिअर व्हावे, ही त्यांची इच्छा. म्हणून हत्यारांच्या पेटीला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. पेटीला कुलूप असे आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला. मी मात्र मॅट्रिकपुढे गेलो नाही. (दहावीला मॅट्रिक म्हणण्याची आमच्या घरची जुनी रीत मी अजून मोडलेली नाही.) गणिताशी माझे जमले नाही, रंगांशी जमले. चित्रकलेचा मास्तर झालो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. अण्णांनी माझी एकही कादंबरी वाचली नाही आणि मला त्यांचा एकही पाना ओळखता आला नाही. आमचे भांडण असे कधी झाले नाही; बोलायला विषय नव्हता, इतकेच. आई होती तोवर आमचे बोलणे तिच्यामार्फत चाले. ती गेल्यावर तेही थांबले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका कादंबरीचे मानधन हाती आले. चिरंजीवांनी कुठून तरी शोध लावला होता की, रेडिओवर चालणाऱ्या मोटारींत एक निराळी जात असते. तिला ‘टूरिंग कार’ म्हणतात. ती खऱ्या मोटारीच्या एकदशांश आकाराची, चारही चाकांना ओढ असलेली आणि सपाट डांबरी जमिनीवर पळणारी असते. तिचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. पेटी घरी आली, उघडली, तर आत मोटार नव्हतीच! दांडे, दाते, नळ्या, स्क्रूंच्या पुड्या आणि एक जाड नकाशापुस्तिका. चिरंजीव आनंदले, माझा चेहरा उतरला. एवढे पैसे गेले आहेत, तर या वस्तूचे कूळ तरी पाहावे, असे ठरवून मी वाचायला बसलो. त्या वाचनातून जी बखर हाती आली, तीच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

बखरीची सुरुवात, आनंदाची गोष्ट अशी की, आपल्याच देशात होते. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर एक प्रयोग करून दाखवला. मध्ये कोणतीही तार नव्हती, भिंत मात्र होती. अलीकडे त्यांनी विद्युत्‌लहरी सोडल्या आणि पलीकडे घंटा वाजली व बंदुकीच्या दारूने पेट घेतला. दूरच्या वस्तूला न शिवता कामाला लावता येते, हे बंगालच्या त्या प्राध्यापकाने दाखवून दिले.

तीन वर्षांनी, १८९८ साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात एक लहानशी होडी सोडली. ती टेस्ला सांगतील तशी वळे, थांबे, दिवे उघडझाप करी. चौसष्टाचे घनमूळ किती, असे विचारल्यावर तिने चारदा दिवा लुकलुकवला, अशी हकीकत सांगतात. उत्तर अर्थात टेस्लाच देत होते. पण पाहणाऱ्यांपैकी काहींना ही जादू वाटली, तर आत शिकवलेले माकड बसवले आहे असा काहींना संशय आला. याच युक्तीचे पेटंट टेस्लांना ८ नोव्हेंबर १८९८ रोजी मिळाले आणि त्यात त्यांनी होड्यांबरोबर गाड्यांचाही उल्लेख करून ठेवला. पुढे स्पेनमधल्या लिओनार्दो तोरेस केवेदो या इंजिनिअराने आपल्या यंत्राची चाचणी तीन चाकांच्या गाडीवर घेतली आणि १९०६ साली बिल्बाओच्या बंदरात राजासमोर एक होडी दुरून चालवून दाखवली.

मग खेळणी यायला साठ वर्षे का लागली? कारण सोपे आहे. त्या काळचा रेडिओ म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचे कपाट. त्याला लागणाऱ्या बॅटऱ्या आणखी जड. एवढे ओझे खेळण्याने वाहायचे कसे? अमेरिकेतल्या गुड आडनावाच्या जुळ्या भावांनी १९३० नंतरच्या त्या दशकात रेडिओवर चालणारे छोटे विमान उडवले, पण ते उडवणे म्हणजे तपश्चर्याच होती. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि कपाटाची काडेपेटी झाली. तरीही एक अडचण उरली. जुन्या रेडिओला दोनच शब्द कळत: ‘हो’ आणि ‘नाही’. सुकाणू वळले तर पूर्ण वळे, नाही तर मुळीच नाही. १९६० नंतर ‘जेवढा हात तेवढे चाक’ अशी प्रमाणबद्ध यंत्रणा आली. हातातली कळ तसूभर हलवली की गाडीतली ‘सर्व्हो’ नावाची इवलीशी मोटर चाकांना तसूभरच वळवते. १९६६ च्या सुमारास इटलीतल्या एका कारखान्याने फेरारी गाडीची एकबारांश आकाराची रेडिओवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. विकत मिळणारी ही पहिली अशी मोटार, असे मानतात.

आता बखर जपानात जाते, आणि इथे मला थोडे रेंगाळू द्या.

शिझुओका हे लाकूडकामाचे गाव. युद्धात होरपळलेल्या त्या गावी १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकडाची वखार काढली. वखारीबरोबर उरल्यासुरल्या लाकडातून जहाजांची आणि गाड्यांची खेळणीही होऊ लागली. १९५१ साली आग लागली आणि साठा जळून खाक झाला. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. पण तामियांनी दोन वर्षांतच लाकडाचा मूळ धंदा सोडून सारे बळ खेळण्यांवर लावले. तेवढ्यात परदेशातून प्लॅस्टिकची खेळणी आली आणि लाकडाला कोणी विचारीना. १९६० साली त्यांनी ‘यामातो’ या युद्धनौकेची प्लॅस्टिकची प्रतिकृती काढली, तीही आपटली. पुढच्या रणगाड्याने मात्र हात दिला. योशिओंचे चिरंजीव शुनसाकु यांनी हा कारभार पुढे वाढवला. खोक्यावरचे दोन ताऱ्यांचे चिन्ह त्यांच्या धाकट्या भावाने काढले, हे वाचून माझ्यातल्या चित्रकला-मास्तराला बरे वाटले.

याच शुनसाकुंची एक गोष्ट मोठी गमतीची आहे. पोर्शे मोटारीची हुबेहूब प्रतिकृती करायची, म्हणून त्यांनी एक खरीखुरी पोर्शे विकत घेतली आणि तिचा स्क्रू न्‌ स्क्रू सुटा केला. मापे घेतली, फोटो काढले. पण गाडी पुन्हा जोडायची वेळ आली तेव्हा ती काही जमेना. शेवटी पोर्शेच्या मेकॅनिकांना बोलवावे लागले! जगभरच्या मुलांना सुटे भाग विकून ‘जोडा’ म्हणणारा हा माणूस स्वतः अडला होता, हे कळल्यावर आमच्या मेजावरचा पसारा पाहून मला जरा धीर आला. १९७६ साली निघालेल्या त्यांच्या रेडिओवरच्या पोर्शेने पहिल्याच वर्षी लाखाच्या घरात खप गाठला. शुनसाकु तामिया २०२५ साली, नव्वद वर्षांचे होऊन वारले.

पुढे मातीत उड्या मारणाऱ्या मोटारी आल्या. मग १९९० नंतर टूरिंग मोटारींचे युग आले. त्यामागे साधा व्यवहार होता: मातीचे मैदान सर्वांना मिळत नाही, मोकळा डांबरी चौक मात्र गावोगाव असतो. शिवाय या गाड्या रस्त्यावरच्या मोटारींसारख्याच दिसतात. १९९८ साली कॅलिफोर्नियात त्यांची पहिली जागतिक शर्यत झाली. या मोटारींचे वरचे कवच पारदर्शक असते आणि ते आतल्या बाजूने रंगवतात. म्हणजे आधी बारीक रेघा, मग मोठे रंग. सगळा क्रमच उलटा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी काचचित्रे आहेत, तीही अशीच पाठीमागून रंगवलेली. कवच रंगवण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले, आणि तेवढ्यापुरता मी घरात मिस्त्री ठरलो.

बाकीचे काम चिरंजीवांचे. एका दुपारी ते पुढची चाके वळवणारे दांडे बसवत होते. दोन्ही चाके समांतर वळावीत अशी त्यांची अपेक्षा. पण आतले चाक जास्त वळे, बाहेरचे कमी. “बाबा, चुकलंय काहीतरी!” मी पुस्तकात शोधले. चूक नव्हती. गाडी वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळावर चालते आणि बाहेरचे मोठ्या. दोघे सारखे वळले तर एकाला फरफटत जावे लागेल. हे म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या घोडागाड्या बांधणाऱ्याने १८१७ च्या सुमारास ओळखले, आणि १८१८ साली लंडनमध्ये त्याच्या वतीने रुडॉल्फ अ‍ॅकरमन याने त्याचे पेटंट घेतले. नाव अर्थात अ‍ॅकरमनचेच राहिले.

मी हे मोठ्याने वाचत होतो. झोपाळ्याची करकर एकदम थांबली.

“अ‍ॅकरमन?” अण्णांनी विचारले. “तो माणूस होता होय? आम्हाला वाटायचं, पार्टचंच नाव आहे.”

मला हसू आले. कारण मला हा अ‍ॅकरमन दुसऱ्याच दाराने ठाऊक होता. लंडनमध्ये छापील रंगीत चित्रांचे दुकान चालवणारा, त्या शहराच्या देखण्या चित्रांचे ग्रंथ काढणारा प्रकाशक, म्हणून चित्रकलेच्या इतिहासात मी त्याच्याविषयी वाचले होते. तो आधी घोडागाड्यांचे नमुने काढी, हेही वाचले होते. पण त्याचे नाव माझ्या वडिलांच्या तोंडी पस्तीस वर्षे असेल, ही कल्पना मला कुठून असणार? मी आत जाऊन पुस्तक आणले. अण्णांनी चष्मा लावून त्यातली चित्रे पाहिली. बऱ्याच वेळाने म्हणाले, “चाकं बरोबर काढलीत.” माझ्या कोणत्याही पुस्तकावरचा त्यांचा हा पहिला अभिप्राय.

त्यानंतर झोपाळा मेजाकडे तोंड करून बसू लागला. मागच्या चाकांमधला दात्यांचा गोळा आला, तेव्हा मला पुस्तक उघडावेच लागले नाही. “हा डिफ्रन्शल,” अण्णा म्हणाले आणि नातवाला समजावू लागले. इंजिनाने दोन्ही चाकांना ओढायचे, पण वळणावर बाहेरच्याला जास्त पळू द्यायचे आणि आतल्याला कमी, असा न्याय हे दाते करतात. मी फक्त भर घातली की, ही युक्ती पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी १८२७ साली नोंदवली. “दोनशे वर्षं झाली की,” अण्णा म्हणाले, “आणि अजून ग्रीस लागतंच.”

मोटार जोडून झाली आणि धावली. खरी कहाणी इथून पुढे सुरू होते. कारण अशी मोटार जोडणे सोपे, ती राखणे अवघड. पहिल्याच दिवशी तिने किरकिर आवाज केला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. “पिनियन आवळून बसलंय. श्वास घेऊ दे त्याला.” मोटरचे लहान चाक मोठ्या दातेरी चाकावर फार दाबून बसले होते. तसेच चालवले तर दाते खाल्ले जातात आणि मोटर तापते; फार सैल ठेवले तर दाते निसटतात. चिरंजीवांनी वहीचा एक कागद फाडून त्याची पट्टी दोन चाकांच्या मधून फिरवली, त्यावर मोटर टेकवून स्क्रू आवळले आणि पट्टी काढून घेतली. राहिली ती फट कागदाएवढी. किरकिर थांबली.

दुसऱ्या दिवशी मोटार डावीकडे ओढू लागली. अण्णांनी शिवणाच्या पेटीतला दोरा मागवला, तो गाडीच्या बाजूने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून धरला आणि एक डोळा मिटून पाहिले. लालपरीची चाके त्यांनी अशीच सरळ केली होती. एक दांडा अर्धा फेरा फिरवताच गाडी सुतासारखी सरळ धावली.

मग त्यांनी हळूहळू नियम घालून दिले. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवायचा. तो जुन्या आट्यात ‘टिक’ करून उतरला की मगच सुलटा आवळायचा, नाही तर नवा आटा पडून भोक सैल होते. धावून आल्यावर बेरिंगातली धूळ ब्रशने झाडायची. शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल भरताना दट्ट्या सावकाश वरखाली करून बुडबुडे जाऊ द्यायचे. आत हवा राहिली तर गाडी उड्या मारते. चालू करताना आधी हातातला रेडिओ, मग मोटार. बंद करताना आधी मोटार, मग रेडिओ. नाही तर मोटार धन्याच्या आवाजाशिवाय उरते आणि भलतीकडे सुटते. पूर्वी तर एकाच लहरीवर दोन गाड्या आल्या की एकाच्या हाताने दुसऱ्याची गाडी धावे. म्हणून शर्यतीच्या जागी एक फळा असे. त्यावरचा आपल्या लहरीचा चिमटा ज्याच्याकडे, त्यानेच रेडिओ लावायचा. २००५ नंतर नव्या लहरींचे रेडिओ आले. ते आपापली गाडी ओळखतात, आणि चिमटे गेले.

बॅटरीपाशी मात्र अण्णांचे ज्ञान थांबले. त्यांची ओळख अ‍ॅसिड आणि पाण्याच्या बॅटरीशी. इथे होती लिथियमची, हलकी आणि रागीट. तिचा एकेक घट ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही, ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, आणि बरेच दिवस ठेवायची तर ३.८ वर ठेवायची. भरताना तिच्यापासून उठून जायचे नाही. फुगली तर पुन्हा वापरायची नाही. हे सारे नातवाने आजोबांना शिकवले. आजोबांनी निमूट ऐकून घेतले आणि स्वतः पाट घेऊन तिच्यापाशी राखण करत बसले.

मी इतिहासाची पुस्तके पुष्कळ वाचली. त्यांत राजे असतात, लढाया असतात. या पेटीतला इतिहास निराळा होता. कुणाची बग्गी वळताना फरफटत होती, कुणाची वखार जळाली होती, कुणाला आपणच सुटी केलेली गाडी जोडता येत नव्हती; आणि त्या प्रत्येकाच्या अडचणीचे उत्तर आज एकेका स्क्रूने बांधलेले आमच्या मेजावर पडले होते. गाडी राखायची म्हणजे त्या साऱ्या मंडळींची विचारपूस करत राहायचे. त्यांतले निम्मे अण्णांना नावानिशी ठाऊक होते, निम्मे मला. एवढी वर्षे आम्ही एकाच घरात राहून एकमेकांना ते सांगितले नव्हते.

यंदा खंडेनवमीला अण्णांनी दरसालप्रमाणे पाटावर आपली हत्यारे मांडली. पान्यांच्या रांगेत नातवाचा वीतभर पेचकस ठेवला. मग मला म्हणाले, “तुझा रंगाचा ब्रश कुठाय? आण.” मी तो आणून ठेवला. फूल वाहिले, नमस्कार झाला.

संध्याकाळी हत्यारे पुन्हा पेटीत गेली. पेटीला मात्र कुलूप दिसले नाही. विचारले, तर अण्णा म्हणाले, “हरवलं कुठंतरी.” पस्तीस वर्षांत ज्या माणसाचा एक वॉशर हरवला नाही, त्याचे कुलूप हरवले! मी शोधायला गेलो नाही.